गळ सोडवताना कापलेलं जाळं

ती. आक्कास,
धाकट्या बजरंगचा धर्माबादच्या घराला नमस्कार.

इथे अहमदपूरला माझं बरं चाललंय. डबा चांगला मिळतो, वजनही वाढलंय. बाबांचा गुडघा कसा आहे? अजून जाळं घेऊन नदीवर जातात का?

फोनवर सांगायला तोंड उघडेना, म्हणून लिहितोय. रविवारी ऑफिसच्या मित्रांबरोबर तलावावर मासे धरायला गेलो होतो. माझा गळ कुणीतरी लावलेल्या जाळ्यात अडकला. उमाकांत म्हणाला, "काप की! इथं कोण बघून राहिलंय?"

मी कापलं, आक्का. आपल्या घरात जाळ्याला पाय लागला तरी पाया पडतात, आणि मी चाकूनं हातभर जाळं फाडलं.

दुपारी जाळ्याची मालकीण आली. म्हातारी होती. "कुणी कापलं रे, बाबांनो?"

"कासवानं तोडलं असंल, मावशी," उमाकांत म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

तिनं तुटलेली टोकं बोटांनी चाचपली. "लई धार हाय मग कासवाच्या दाताला," म्हणाली आणि तिथंच बसून गाठी मारू लागली.

ती गाठ मला येते, तूच शिकवलीस. पण हात लावला असता तर मी भोयाचा पोरगा हे मित्रांना कळलं असतं. म्हणून बसून राहिलो.

येत्या रविवारी एकटाच तिच्याकडे जाणार आहे. कुणी कापलं आणि कापणारा कुणाचा, दोन्ही सांगणार आहे.

हे पत्र बाबांना वाचून दाखव. ते जे बोलतील ते जसंच्या तसं कळव. एक शब्दही गाळू नकोस.

तुझा,
बजरंग