तंबूच्या खिडकीतला मफलर

शनिवार, संध्याकाळ

गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला शेजारच्या कांबळे काकांना नवा तंबू हवा होता. झटक्यात उघडणारा, वाऱ्यात टिकणारा. "तूच निवड बेटा, इंजिनिअर आहेस." घरातली पहिली शिकलेली मी, गावी सगळ्यांचे कागद मीच वाचून दाखवायचे. इथे परदेशातही आठवडाभर माहिती वाचून एक तंबू निवडला. जाड दुपदरी कापड, न वाकणाऱ्या काड्या, भक्कम चेन. खोट एकच वाटली, वरची हवेची खिडकी. तिच्यातून वारा येणार.

आज काका आत कुडकुडत होते, गॅसचा हीटर लावूनसुद्धा. मी माझा मफलर त्या खिडकीत कोंबला आणि घरी चहा करायला गेले. तासाभराने परतले तर काका खुर्चीतच कलंडलेले.

हीटर चालू असताना खिडकी उघडी ठेवा, हे मी वाचलं होतं. वाचलं होतं, आणि तरी.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, हीटरचा विषारी वायू रक्तात गेलाय, काही सांगता येत नाही. रिया, त्यांची मुलगी, रडत म्हणाली, "बाबा ना, इन्स्ट्रक्शन्स कधी रीडच करत नाहीत. थँक गॉड, तू होतीस." मी मान हलवली. का हलवली?

मफलर अजून त्या खिडकीतच आहे. काका शुद्धीवर आले तर मला वाचवायला म्हणतीलसुद्धा, "मीच कोंबला." त्याआधी रियाला फोन करायला हवा. आत्ताच.