दोनशेवर लिहिलेले शंभर

आई, तू होतीस तोवर मी तुला कधी उलटून बोलले नाही. आज बोलणार आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झालीत की आता तू मला मध्येच गप्प करू शकत नाहीस.

धुळ्याच्या एका सरकारी ऑफिसात तू ट्रेसर होतीस. साहेबांनी पेन्सिलने काढलेलं ड्रॉइंग शाईने ट्रेसिंग कागदावर उतरवायचं, एवढंच तुझं काम. तो रविवार मला अजून जसाच्या तसा दिसतो. मी दहावीत आहे. काम संपलं नाही म्हणून तू गुंडाळी घरी आणली आहेस, आणि स्वयंपाकघरात उजेड चांगला म्हणून ड्रॉइंगची फळी ओट्याला टेकवून ठेवली आहेस. तू ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, कळण्याच्या भाकरी थापायला बसलीस आणि उरलेल्या चार रेघा ओढायला मला सांगितलंस. शेतांना पाणी नेणाऱ्या पाटचारीचा नकाशा होता. उंचीचे आकडे एका बाजूला उतरत होते आणि पाण्याचा बाण नेमका उलट, चढाकडे. मी तो फिरवला. मला वाटलं, तू शाबासकी देशील. तू पिठाच्या हातानेच उठलीस, ब्लेडने माझी शाई खरवडलीस आणि तो चुकीचा बाण पुन्हा तसाच काढलास. एरवी शुद्ध बोलायचीस. रागावलीस की माहेरची बोली यायची. "जसं शे तसंच काढ. आपले काय करनं शे?" त्याआधी कधीतरी तू साहेबांना अशीच एक चूक दाखवली होतीस आणि सगळ्या ऑफिससमोर "बाई, तुम्हाला उतरवायला ठेवलंय, शिकवायला नाही" हे ऐकून घेतलं होतंस, ते मला पुढे मावशीकडून कळलं. कळलं म्हणून पटलं नाही. त्या बाणासाठी मी तुला माफ केलेलं नाही.

आता मी जळगावात एका कंत्राटदाराकडे आहे. शाई नाही, ब्लेड नाही, पण काम तुझंच. इंजिनिअर धुळ्याचे, त्यांचा प्रोग्रॅम वेगळा, आमचा वेगळा. त्यांची फाइल आमच्याकडे उघडायची, नीट करायची, प्रिंट काढून साइटवर धाडायची. वाटेत फाइलचं बरंच काही सांडतं. गोलांचे तुकडे होतात, मराठी अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी येतात, एकदा तर मिलिमीटरचे इंच झाले आणि जिना गावाएवढा दिसायला लागला. या चुका बऱ्या. त्या ओरडून सांगतात.

गेल्या हिवाळ्यात एरंडोलच्या पुढच्या एका गावातल्या पाण्याच्या टाकीचं ड्रॉइंग आलं. उंच टाकी, खाली आठ कॉलम. एकही चौकट नाही, एकही रेघ तुटलेली नाही. कॉलम जिथे बीमला मिळतो तिथल्या लोखंडी रिंगांमधलं अंतर लिहिलं होतं दोनशे मिलिमीटर. मी सहज ड्रॉइंगसोबतची सळयांची यादी पाहिली. यादीत त्या जागी रिंगा जवळजवळ दुप्पट होत्या. म्हणजे अंतर शंभर हवं; दोनशेवर रिंगा निम्म्याच बसल्या असत्या आणि जोड कच्चा राहिला असता. मी तीनदा मोजलं.

आमच्या साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "ताई, आपलं काम फाइल बदलून प्रिंट काढायचं. इंजिनिअर बघून घेतील. साइटवर मिस्त्री खोळंबलाय."

आई, ते तुझंच वाक्य होतं, फक्त शुद्ध मराठीत. मी म्हणाले, "मग प्रिंट तुम्ही काढा. माझ्या हातून हा कागद जाणार नाही." सगळं ऑफिस मान वर करून बघायला लागलं. बघू दे म्हटलं. तिथूनच, सगळ्यांसमोर, इंजिनिअरना फोन लावला.

"माझ्या फाइलमध्ये शंभरच आहे," ते म्हणाले. "तुमचा प्रोग्रॅम स्वस्तातला आहे, त्याला मी काय करू?"

"सर, तुम्ही रिंगा दोनशेवर काढल्या आणि प्रोग्रॅमने मोजून दिलेला आकडा खोडून त्या जागी हाताने शंभर टाइप केला. फाइल इकडे येताना लिहिलेलं गळून पडलं, काढलेलं तेवढं उरलं."

त्यांनी विचारलं, "तिथे ड्रॉइंग कोण बघतं?"

"मी बघते."

त्यांनी मूळ ड्रॉइंगचा, त्यांच्याकडेच छापलेला पक्का कागद पाठवला. तो शेजारी ठेवून मी प्रत्येक माप ताडलं. असे हाताने बदललेले आणखी पाच आकडे निघाले. साहेब दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एसटीने मी स्वतः कागद घेऊन साइटवर गेले, मिस्त्रींसमोर उभी राहून त्या जागेवर बोट ठेवलं. ते म्हणाले, "शंभर का? बरं झालं, उद्याच बांधणार होतो." कोपऱ्यातल्या चौकटीत, जिथे ड्रॉइंग काढणाऱ्याचं नाव लिहितात आणि जी आमच्याकडे नेहमी कोरी जाते, तिथे मी माझं नाव घातलं होतं. तुझं कुठल्याच कागदावर नाही. ती टाकी आता भरते. साहेबांनी ते नाव काढायला सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी काढलं नसतं.

तू म्हणायचीस आपल्याला मत नसतं. मला आहे. तुलाही होतं, नाहीतर आधीची चूक तू दाखवायला गेलीच नसतीस. ते तू गिळलंस आणि मलाही गिळायला लावलंस. नोकरी सांभाळायची होती, घरात कमावणारी तू एकटी, हे सगळं मला कळतं. तरी मी तो बाण आजही फिरवला असता.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक लिहून टाकते. एरंडोलच्या टाकीच्या सहा महिने आधी सोनगीरकडच्या एका टाकीची फाइल अशीच आली होती. त्या दिवशी मला लवकर निघायचं होतं. मी यादी उघडलीसुद्धा नाही. जसं आलं तसं उतरवलं आणि पाठवलं. एरंडोलहून परतल्यावर घाबरत घाबरत तो कागद मूळ ड्रॉइंगशी ताडून पाहिला. बरोबर निघाला. पण तो माझ्यामुळे बरोबर नव्हता, आणि हे मी ऑफिसात अजून कुणालाही सांगितलेलं नाही.