रिकामी जागा

प्रिय खुशनुमा,

तुझा निरोप आणि आयशाचा फोटो मिळाला. फोटो बोटांनी ताणून ताणून इतका मोठा केला की शेवटी नुसतं नाकच उरलं. नाक तुझं आहे, हट्टही तुझाच निघणार. खाली तू लिहिलं होतंस, “काकू, बाळ झाल्यापासून डोकं चालत नाही, शिकलेलं सगळं विसरले.” त्याला फोनवर उत्तर दिलं असतं तर तू अर्धं वाचून ‘हो काकू’ म्हणून टाकलं असतंस. म्हणून कागद घेतला. अक्षर भोपळ्याएवढं झालंय आणि पेनही जाड आहे, त्याचं कारण मागाहून सांगते.

तू नोकरी सोडलीस तरी आपल्याच, सोसायटीच्या शेती-औषधांच्या दुकानाची बातमी आधी. दिंडोरी रोडवर गर्दी तीच, काउंटरवरच्या निवृत्तीचा चहा तोच, साखर मात्र दुप्पट. संक्रांत झाल्यावर सोसायटीने औषधासोबत गिऱ्हाइकाला द्यायची माहितीची पानं बनवायचं आपलं सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीवर नेलं. पडदा गुळगुळीत, बटणं गोल, सगळं नव्या नवरीसारखं. पण तुझा मॅक्रो मुका झाला. आठवतंय ना, मॅक्रो म्हणजे काय ते मी विचारलं तेव्हा तू म्हणाली होतीस, “काकू, सुनेला एकदा फोडणी दाखवली की रोज सांगावी लागत नाही, तसं.” कुठल्या औषधानंतर द्राक्षं तोडायला किती दिवस थांबायचं, तो आकडा एका तक्त्यातून उचलून प्रत्येक पानाखाली बसवायचं काम तो बिनबोभाट करत होता. नवी आवृत्ती आली आणि तिने त्याला उंबऱ्याबाहेर उभं केलं.

वर सूचना येत होती म्हणे, पिवळ्या पट्टीत, सुरक्षेसाठी मॅक्रो बंद केलेत अशी. मला ती पट्टी दिसलीच नाही. निवृत्तीला दिसायची, पण दारावर आलेल्या विक्रेत्याला हाकलावं तसा तो फुली दाबून तिला घालवायचा आणि गिऱ्हाइकाला पान छापून द्यायचा. पानावर ‘तोडणीआधी थांबायचे दिवस’ एवढं छापलेलं, पुढे कोरं.

एके दिवशी भागीबाई आल्या, खेडगावच्या. कात्र्या घेता घेता सांगायला लागल्या की उद्या मजुरांची टोळी येतेय, व्यापाऱ्याची गाडी सांगून ठेवलीय. मी सहज म्हटलं, अहो, भुरी रोगावरचं औषध तर परवाच फवारायला नेलंत ना? त्यांनी पिशवीतून घडी केलेलं पान काढलं आणि माझ्यापुढे धरलं. “ह्ये काय तुमचंच पान. जागा मोकळी हाय, म्हंजी थांबायचं काम नाय.” त्यांचं तरी काय चुकलं गं? आपल्याकडे कागदावर जिथे काही लिहिलेलं नाही तिथे काही देणं लागत नाही, असाच हिशेब असतो. टोळीला नको म्हणून सांगायला लावलं, व्यापाऱ्याला मी स्वतः फोन केला. भागीबाई पायरी उतरेपर्यंत मला बोल लावत होत्या. “म्हातारीला कामधंदा नाय,” असंही ऐकू आलं. त्यांच्या नातवंडांच्याही तोंडात तेच घड जायचे होते, म्हणून मी ऐकून घेतलं. नंतर दिवस भरल्यावर माल गेला, तेव्हा त्याच बाईंनी एक क्रेट आणून दिलं आणि वर म्हणाल्या, “खा आता बिनघोर.”

त्या दिवसापासून छपाई बंद करून मी ठाण मांडलं. निवृत्ती म्हणाला, “काकू, लय डोकं नका लावू, सगळ्या मॅक्रोंना परवानगी देऊन टाका, एक टिचकी मारली की झालं.” मी म्हटलं, बाबा रे, एक किल्ली हरवली म्हणून घराची दारंच काढून ठेवायची का? उद्या कोणाच्या पेनड्राइव्हमधून काय आत येईल आणि तक्त्यातले आकडे खाऊन जाईल, ते आपल्याला कळणारही नाही. मग तो इंग्रजीतली वाक्यं वाचायचा, मी फोनमध्ये बोलून मराठीत ऐकायची. असं करत करत घोडं कुठे अडलंय ते सापडलं. मॅक्रोवर तू केलेल्या डिजिटल सहीच्या प्रमाणपत्राची मुदत संपलीय. जुनी आवृत्ती मायाळू होती, कानाडोळा करायची. नवी दारात उभी राहून विचारते, या बाईला ओळखतं कोण? तिथे तुझं नाव होतं. निवृत्तीने ते मोठ्याने वाचलं.

उपाय तात्पुरता केलाय. एकच फोल्डर विश्वासाचा म्हणून नोंदवला, बाकी दारं बंदच ठेवली, आणि पानांचा तुझा साचा मॅक्रोसकट त्यात हलवला. मग परीक्षा घ्यायची म्हणून मी तक्त्यातला एक आकडा मुद्दाम पुसला आणि बटण दाबलं. निवृत्तीने वाचलं: “आकडा दिसत नाही. विचारल्याशिवाय तोडू नका.” पोरी, हे वाक्य तू घातलंस तो दिवस मला लख्ख आठवला. काम संपलं होतं, तुझी मालेगावची एस.टी. निघायची वेळ झाली होती, आणि तू पर्स खाली ठेवून पुन्हा खुर्चीत बसलीस. “काकू, समजा आकडाच नसला तर? माणूस कोऱ्या जागेचा काय अर्थ लावेल, सांगता येत नाही.” गाडी चुकली तुझी. मी तेव्हा हसले होते. भागीबाई तुला कधी भेटल्या नाहीत, तरी तू त्यांना ओळखून होतीस. आणि अशा डोक्याला तू म्हणतेस, चालत नाही. ते दोन वर्षं बाळाच्या झोपेमागे पळतंय गं, दमलंय इतकंच. ओवेसही मला फोनवर तेच म्हणाला. “काकू, माझं ऐकत नाही, तुम्ही सांगा.” गुणी जावई आहे, त्याला रागावू नकोस.

आता जाड पेनाचं सांगते. माझ्या डोळ्यांत काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, कडेचं विरत चाललंय. ती पिवळी पट्टी म्हणूनच निसटली. डॉक्टर म्हणतात, आहे ते थेंब घालून राखू, गेलेलं येणार नाही. रडायचं नाही, मी रडून झालेय. पण ज्या पानांवर लोक तोडणी ठरवतात, त्यांच्यावर नजर ठेवायला धड नजर हवी. काम अडलंय असं खोटं सांगून तुला बोलावणार नाही, आपल्या दुकानात ते चालू आहे. सोसायटीच्या निफाड आणि विंचूरच्या दुकानांसाठी मात्र नवी सही लागेल. ती करायला बसले, तर पडद्याने विचारलं, प्रमाणपत्र कोणाच्या नावाने? माझं नाव टाइप करायला हात धजेना. सोसायटीशी बोललेय, ही पानं सांभाळायची जागा तुला द्यायला ते तयार आहेत, बरंचसं काम घरून चालेल. पहिल्यांदा येशील तेव्हा आयशाला घेऊन ये, टेबलामागे तिच्यासाठी माझ्या जुन्या लुगड्याची झोळी बांधते. तुला नको असेल तर नको म्हण, माझी माया उणी व्हायची नाही. नावाची चौकट तशीच कोरी ठेवलीय. कोऱ्या जागेचा आपल्या मनाने अर्थ लावायचा नाही, आधी विचारायचं, हे तूच मला शिकवलंस. म्हणून विचारतेय.

तुझ्या उत्तराची वाट बघणारी,
तुझीच
उज्वलाकाकू