पुढचे दोन दात

१२ फेब्रुवारी २०२५
सूर फाटला. भर वरातीत! सडक अर्जुनीला, नवरदेव घोड्यावर, आणि माझी क्लॅरिनेट कोंबड्यासारखी ओरडली. पोरी तोंडावर हात ठेवून हसल्या. बावीस वर्षं वाजवतोय मी. तोंडाकडची पत्ती, रीड, नवीनच होती; दोष तिचा नाही. वरचे पुढचे दोन दात वाजवताना माऊथपीसवर टेकतात — ते टेकले आणि सरकले. घरी येऊन जिभेनं दाबून पाहिलं. दोन्ही हलतात.

१३ फेब्रुवारी
बँडमास्तर गजेंद्र सगळ्यांसमोर म्हणाला, "अश्विन, लोकं वरातीत नाचाले येतात, हसाले नाही बे!" तोंड उघडायचीच लाज वाटते. ढोलवाला हल्ली माझ्याशी मान वळवून बोलतो. वास येत असणार.

१९ फेब्रुवारी
सकाळी चूळ भरली, मोरीत लाल. अल्कानं पाहिलं. बायको आहे, पाहणारच.
"दोन वर्षं झाले, सांगून राहिली मी. हिरड्यातून रक्त येणं साधं नसते. दवाखान्यात चला."
मी खेकसलो, "दवाखान्यात दात साफ केले का मग हलतात! बाबानं केले, सहा महिन्यांत बोळके झाले."
ती आत गेली. मी तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटला. हिरडी बधिर होते, तेवढाच आराम.

२ मार्च
गजेंद्रनं माझी क्लॅरिनेटची जागा दवनीवाड्याच्या ओमेशला दिली. आणि मला काय दिलं? झुनझुना! तोच लाल कोट, तीच झालरीची टोपी, आणि हातात झुनझुना. "हलवत राहा, बँड भरलेला दिसला पाहिजे." ज्याला सा कुठला आणि रे कुठला हे मी शिकवलं, तो गजेंद्र!
हलवला. पूर्ण वरात हलवला.

३ मार्च
गेलो नाही.

६ मार्च
अल्कानं ओढतच गोंदियाच्या गाडीत बसवलं. दातांच्या डॉक्टर आचल मॅडम, माझ्या भाचीच्या वयाच्या. बारीक सळई हिरडीत घालून खोली मोजत गेल्या — सहा, सात, सात मिलिमीटर. "पायरिया आहे भैया. दाताला दगडासारखं किटण बसलंय, हिरडीच्या खालपर्यंत. हिरडी सुजते, मग आतलं हाड झिजतं. दुखत नाही, म्हणून कळत नाही."
मी बाबांची गोष्ट सांगितली. त्या चिडल्या नाहीत. "त्यांचं हाड आधीच गेलं होतं. किटणानं दात नुसते चिकटून होते. साफ केल्यावर खरं दिसलं, बस. वेळेवर आले असते तर वाचले असते."
वेळेवर. हा शब्द घेऊन परत आलो. गाडीत अल्का एकदा जरी "मी सांगतलं होतं" म्हणाली असती तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं.

१० मार्च
रक्त तपासलं. साखर निघाली, तीही बरीच. मॅडम म्हणतात साखर वाढली की हिरडी बिघडते, आणि हिरडी बिघडली की साखर आवरत नाही. गोळ्या सुरू. खर्रा बंद. मऊ ब्रश, दोन वेळा, हिरडीच्या कडेनं हळूहळू, आणि दातांच्या फटीत वेगळा छोटा ब्रश. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला दात घासायला शिकवतात!

१७ मार्च
सुई देऊन हिरडीच्या आतून खरवडलं. उजवी बाजू आज, डावी पुढच्या आठवड्यात. आवाज डोक्यात घुमतोय. खर्‍याची इतकी आठवण येते की सगळ्यांचा राग येतो.

३१ मार्च
पुढच्या दोनातला एक काढला. दुसरा शेजारच्या दातांना तारेनं बांधलाय. "हा राहील, सांभाळला तर."
आरशात पाहिलं. मी कोणाचा तरी म्हातारा काका दिसतो.

९ एप्रिल
क्लॅरिनेट पेटीतून काढली. फुंकलं. नुसती हवा, फटीतून. पेटी बंद.
लग्नं जोरात आहेत. गजेंद्रचा फोन नाही. बावीस वर्षं!

३ मे
घरासमोरून वरात गेली. ओमेश बेसूर वाजवत होता. कोणी हसलं नाही.

२३ जून
तीन महिन्यांची तपासणी. हिरड्या आवळल्या, रक्त थांबलं, साखर खाली आली. दुसरा दात घट्ट आहे. खड्ड्यात नवीन दात बसवता येईल, मग फुंकून बघा, मॅडम म्हणाल्या. मी हसलो — फट दाखवून! बाहेर अल्का बसली होती. मॅडमनी तिलाही खुर्चीत बोलावलं. "ताई, आल्याच आहात तर बघू." ती नको नको करत होती.

२४ जून
अल्काचे सहा दात हलतात. माझ्याही आधीपासून. मॅडम म्हणाल्या, चार तरी जातील.
"काऊन नाही सांगतलं?" मी विचारलं.
"तुमच्या तोंडावर घर चालत होतं. माझ्या तोंडाकडे तुमी कधी पाहिलं?"