आसारामने नावं कशी लावली

सोनई, ता. ४ मार्च १९९५

तीर्थरूप राधाकृष्णमामांना काकासाहेबाचा शिरसाष्टांग नमस्कार.

थंडी उतरली, म्हणजे तुमचे गुडघे आता भंडारदऱ्याचा चढ चढू देत असतील. मामींचा खोकला बरा असावा. आम्ही इकडे खुशाल आहोत, म्हणजे छापखाना चालू आहे. मधे तो बंद पडायची वेळ आली होती, ते सविस्तर कळवतो.

आमचा आसाराम तुम्हाला माहीत आहे. पंधरा वर्षं माझ्याकडे छपाईचे खिळे जुळवतो. (डोळे मिटून जुळवतो असं लोक म्हणतात, काही पत्रिका पाहून मलाही तसंच वाटतं.) लग्नपत्रिकेत कुणाचं नाव कुणाच्या वर, यावरून आमच्या दारात रोज भांडणं. त्याला कंटाळून आसारामने मला न विचारता ठरवलं की यापुढे सगळी नावं बाराखडीच्या क्रमाने लागतील. पहिली पत्रिका रखमाजींच्या मुलाची. ज्या भाऊबंदाशी त्यांचा बांधावरून दावा चालू आहे तो अण्णासाहेब सगळ्यांत वर, आणि नवरदेवाचे सख्खे चुलते हरिभाऊ तळाला. रखमाजींनी कच्ची प्रत बोट लावून वाचली आणि शांतपणे म्हणाले, "ही पोराच्या लग्नाची पत्रिका हाय का शाळेची हजेरी?" उद्यापर्यंत बदल झाला नाही तर नेवाशाला छापून घेतो, असं सांगून ते गेले.

आता तुम्ही म्हणाल, आसारामला चार शब्द सुनवायचे होते. मामा, गेल्या वर्षी सुनवले होते. गिऱ्हाइकाचं शुद्धलेखन परस्पर सुधारतो म्हणून रागावलो, तर त्यानंतर दोन महिने गिऱ्हाईक लिहील तेच त्याने काना-मात्रेसकट छापलं. एका पत्रिकेत वधूपित्याच्या जागी 'वधूपीडा' गेलं आणि ते फक्त वरपक्षाच्या लक्षात आलं. शिवाय माणूस मनाने चांगला. भांडणं मिटावीत एवढाच त्याचा हेतू.

म्हणून मी चहा मागवला, कल्पना उत्तम आहे म्हणालो (खोटं बोललो नाही, कल्पना उत्तमच आहे, फक्त नगर जिल्ह्याबाहेरची आहे), आणि म्हटलं, तुझ्या धाकट्या भावाचं लग्न आहेच, तर तीच पत्रिका या क्रमाने जुळव, नमुना म्हणून गिऱ्हाइकांना दाखवता येईल. तो हौसेने बसला. तासाभराने खिळ्यांचा आवाज थांबला. जाऊन पाहतो तर पहिलं नाव त्याचा साडू अंकुश, जो याच्याच लग्नात भरल्या ताटावरून उठून गेला होता. आणि ज्यांनी बापामागे याला वाढवलं ते चुलते सूर्यभान सगळ्यांत खाली. आसाराम त्या शेवटच्या नावाकडे बघत बसला होता.

"नियम चांगला आहे," मी म्हणालो.

"नियम चांगला हाय, मालक," तो म्हणाला, "पर चुलता ह्यो कागद वाचून काय बी बोलायचा न्हाई. त्येचीच भीती वाटती." आणि त्याने स्वतःच्या हाताने सगळी जुळणी मोडली.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच रखमाजींसमोर बसला आणि विचारलं, "कोन रुसलं तर मांडवात येनार न्हाई?" ज्यांची नावं आली ती रुसण्याच्या ताकदीप्रमाणे वरून खाली लावली. रखमाजी खूष. महिन्याभरात एक तक्रार नाही; शेजारच्या गावांहूनही गिऱ्हाइकं येतात. मी त्याला शाबासकी दिली आणि पद्धत छापखान्यात कायम केली.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला भाचा,
काकासाहेब

ता. क. : आमच्या लेकीचं, अश्विनीचं लग्न ठरलं, दहा मे. माझ्या आजोळची वडीलधारी माणसं म्हणून तुम्ही दोघं चार दिवस आधी यावं.

ता. क. दुसरा : पत्रिका सोबत आहे. तुम्ही आयुष्यात कधी कुणावर रुसला नाहीत, त्यामुळे तुमचं नाव सर्वांत खाली, मंडपवाल्याच्याही नंतर आलं आहे. समजून घ्यावं. आठशे प्रती छापून झाल्या.

ता. क. तिसरा : पत्रिका मामींच्या हाती देऊ नये. त्यांचं नाव राहून गेलं.