बाबांचे उघडे टॅब

४ ऑक्टोबर

कॉम्प्युटर पुन्हा मेला! नकाशात कपाटाचं एक दार काढायला घेतलं की स्क्रीन गोठते, आतला पंखा नुसता घरघरतो. सुतारांना शुक्रवारी नकाशे हवेत. वेळ चुकली तर पुढचं काम दुसऱ्याला. आणि कारण काय — बाबांचे टॅब! इतके, की नावंसुद्धा वाचता येत नाहीत. गुडघ्यांचा व्यायाम, अर्ध्यात थांबवलेला. कधीच संपलेल्या सामन्याचा धावफलक. तीन शहरांचं हवामान — त्यातल्या एकात दादा राहतो, बाकीची दोन कशाला, देव जाणे.

५ ऑक्टोबर

बाबांना समजावलं, उघडा टॅब मेमरी खातो. "नुसता उघडा तर आहे, काम कुठं करतोय?" म्हणे. वर रात्रीही मशीन बंद करू देत नाहीत.

घड्याळदुरुस्तीचं दुकान विकलं, सवय मात्र सोबत आणली. जेवायला घरी यायचे तेव्हाही तिथलं शटर अर्धं वर. "पूर्ण पाडलं की माणसाला वाटतं, इथं आता कुणी नाही." कुलूप नावाची वस्तू यांच्या कानावर आली नव्हती बहुतेक.

आई म्हणते, "राहू दे गं त्यांचं." आईचं सगळ्यालाच राहू दे. दादा भांडून गेला, तेव्हाही राहू दे.

७ ऑक्टोबर

आज सोक्षमोक्ष लावला. कुठला टॅब किती खातो ते बघितलं. सगळ्यात खादाड कोण? दादाबरोबरची चॅट! दुकान चालवणार नाही म्हणून घर सोडलेले आमचे बंधुराज. मला वाढदिवसाला दोन शब्द टाकतात, बाबांना तेवढेही नाहीत. चॅटमध्ये एक अक्षर नाही — ना यांचं, ना त्याचं. दोन नावं, दोन हिरवे ठिपके — दोघंही ऑनलाइन, बस. ताठ्यात बापलेक सारखेच! आणि त्या कोऱ्या पानापायी माझं काम अडलंय.

सगळे टॅब बंद केले. त्या चॅटमधून लॉगआउटही करून टाकलं. मशीन कसं सुसाट सुटलं!

८ ऑक्टोबर

बाबा सकाळी चष्मा पुसत स्क्रीनसमोर बसले. बराच वेळ.

"ते एक होतं... ते गेलं का?"

"मग उघडा पुन्हा."

पासवर्ड माहीत नाही. खातं दादानंच काढून दिलेलं, पासवर्ड त्यालाच ठाऊक.

"मग विचारा त्यालाच!" म्हटलं. बाबा उठून गेले. दुपारी ताटात अर्धं अन्न तसंच. एका टॅबसाठी एवढं तोंड पाडायचं? कमाल आहे.

९ ऑक्टोबर

नकाशे दिले. सुतार खूश. बाबा अजून त्या खुर्चीकडे फिरकलेले नाहीत. मला मेलीला त्याचं का वाईट वाटतंय?

१० ऑक्टोबर

दुपारी दादाचा फोन. ना हॅलो, ना कशी आहेस.

"बाबा बरे आहेत ना? त्यांचा ठिपका तीन दिवसांपासून गेलाय. रोज बघतो मी. कधीच गेला नव्हता."

तशीच बाबांच्या खोलीत गेले. फोन बाबांच्या हातात दिला आणि खोलीबाहेर आले. दार लोटलं — अर्धंच.