एका घरापुरता भूकंप

प्रिय लेकी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी घाबरशील. घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. तुझ्या अण्णांचा गुडघा कुरकुरतो, दयानंददादाच्या पोराला पुढचे दोन दात आले, आणि परसातल्या शेवग्याला इतक्या शेंगा लागल्या आहेत की शेजारणी आता मला बघून तोंड चुकवतात. फोनवर हे सांगायला गेले की तू "बरं, ठेवते" म्हणतेस. कागदाला तसं म्हणता येत नाही, म्हणून पत्र. तीस वर्षं अंगणवाडीची रजिस्टरं भरली आहेत, चार पानं लिहायला मी भीत नाही.

दोन दिवाळ्या झाल्या, तू घरी आली नाहीस. कारण तुलाही ठाऊक आहे आणि मलाही, पण आपण दोघी त्याला वळसा घालून बोलतो. आज सरळ लिहिते. मुरुडचे पाहुणे तुला बघायला आले होते. पोहे चालले होते. मुलाच्या आईनं तुझ्याविषयी सहज विचारलं, "तनुजाचं कसं काय चालू हाय मग?" आणि मी पदर सावरत, हसत, सांगून बसले की तनुजा औशाला असते, घरचं बरं आहे, दोन लेकरं आहेत, धाकटी अगदी तिच्यावर गेली आहे. त्या बाईच्या हातातला चमचा हवेतच राहिला. तू चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होतीस. पाहुणे गेले ते गेले, त्यांचं मला काही नाही, मुलाचं वागणंही मला जरा मिजासखोरच वाटलं होतं. पण तू ट्रे खाली ठेवलास आणि म्हणालीस, "आई, तुझी तनुजा मी कधी नव्हतेच." सकाळच्या एसटीनं तू नांदेडला गेलीस. दोन वर्षं मी त्या वाक्याला उत्तर शोधते आहे.

तुला वाटलं, आईचं डोकं फिरलं. फिरलं नव्हतं. मी फक्त दुसऱ्या घरातून बोलत होते, आणि ते घर तुला कधी दाखवलंच नव्हतं. मन्मथअप्पांना तू ओळखतेस. तुझ्या लेखी ते मे महिन्यात स्वेटर घालणारे, स्लॅबखाली पाऊल न ठेवणारे, रिटायर झालेले चक्रम मास्तर. तरुणपणी त्यांच्या दोन रहस्यकादंबऱ्या छापून आल्या, तेव्हापासून गाव त्यांना कादंबरीकार म्हणतं, निम्मं आदरानं, निम्मं चेष्टेनं. एक्क्याण्णव सालच्या जनगणनेचं काम त्यांच्याकडे होतं. जुन्या गावातल्या प्रत्येक दारावर गेरूनं नंबर त्यांनीच टाकला. आपलं घर एकशे सतरा. त्यात मी, अण्णा, दयानंद आणि तुझी थोरली बहीण, जिचं नाव पुढे तुला मिळालं. दोन वर्षांनी, गणपती बुडवले त्याच्या दुसऱ्या पहाटे, भूकंपात ती सगळी दारं गेली. तनुजा सहा वर्षांची होती. अप्पांजवळ राहिली ती यादीची नक्कल, घर, माणसं, वय. नव्या गावात आल्यावर पत्र्याच्या शेडमध्ये बसून त्यांनी कादंबरी लिहायला घेतली. तिचं पहिलं वाक्य असं आहे की त्या पहाटे गावात काहीही झालं नाही.

तेव्हापासून ते गाव चालूच आहे. दोनशेपानी चोपन्न वह्या झाल्या. गेलेल्यांची माणसं गुरुवारी शेडमध्ये जातात आणि आपलं माणूस आता किती वर्षांचं झालं, काय करतं, ते सांगतात. अप्पा लिहून घेतात. नावानं कुणाला हाक मारत नाहीत, "या, एकशे सतरा" म्हणतात. मीही जायचे. तुला सांगायचे की भजनाला जाते. भजन कसलं, मी तनुजाला मोठं करत होते. तिची दहावी, तिची पहिली नऊवारी. केवळाबाईंचा रामलिंगही भूकंपात गेला, नऊ वर्षांचा होता. आम्ही त्या दोघांचं लग्न जमवलं. मानपानावरून केवळाबाई आणि मी तीन गुरुवार कडाकडा भांडलो. लग्नाच्या दिवशी अप्पा फेटा बांधून बसले आणि रस्त्यानं जाणाऱ्या जित्या माणसांना बुंदी वाटली. विश्वास ठेव किंवा ठेवू नकोस, मी घरी आले तेव्हा माझ्या नखांत हळद होती. अण्णांनी विचारलं, कुणाची हळद होती? मी म्हटलं, शेजारच्या गावात. खोटं बोलले असं मला आजही वाटत नाही. तिथं बसलं की कडुनिंबाचा वास यायचा, आपल्या जुन्या दारातल्या. लोकांना स्वप्न झोपेत पडतं, मला गुरुवारी दुपारी पडायचं.

आता तुझ्या जन्माची गोष्ट. अर्धीमुर्धी तू ऐकली आहेस, पण माझ्या तोंडून नाही. दोन लेकरांवर माझं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं होतं. भूकंपानंतर आमच्यासारख्या बायकांची ऑपरेशनं उघडून देत होते. डॉक्टरांनी विचारलं, "मुलगा हाय ना तुम्हाला? मग कशाला उगं?" मी म्हटलं, "पोरगी पाहिजे." रांगेतल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. पोरासाठी देव पाण्यात ठेवणाऱ्या मुलखात पोरीसाठी पोट पुन्हा फाडून घेणारी मी एकटीच होते. तीन वर्षं लोक म्हणत होते, आता काही होत नाही. मग तू झालीस.

ही झाली मागची कथा. आता मागच्या महिन्यातलं सांगते. अप्पांच्या कादंबरीत दर दहा वर्षांनी जनगणना होते. एकवीस सालची त्यांचीही रखडली, आधी साथ, मग मोतीबिंदू. "सरकारची तरी कुठं झाली?" म्हणून ते मिशीत हसतात. आमच्या घराची पाळी आली. मी सांगत गेले, मी, अण्णा, दयानंद, सून, नातू, औशाची तनुजा. आणि या खेपेला खऱ्या घरच्या सवयीनं पुढे बोलले, धाकटी तनुजा, वय एकोणतीस, विष्णुपुरीजवळ नोकरी, काँक्रीटचे ठोकळे दाबून बघते. अप्पांनी पेन खाली ठेवला. "ही कुठली?" म्हणाले. मी हसले. ते हसले नाहीत. "तुमचं आपरेशन नव्वदला झालं. भूकंप आला न्हाई, मग ते उघडलंच न्हाई. ही पोरगी ह्या गावात जन्मतच न्हाई."

मी भांडले. म्हटलं, ऑपरेशन फसलं असं लिहा. म्हणाले, "मग ती दुसरीच हुईल, तुमची न्हाई." चक्रम म्हणतात त्यांना, पण हिशोब पक्का. मी उठून आले. रस्त्यात कडेला बसले. इतकी वर्षं ज्या घरात मी सुखानं नांदत होते, त्या घरात तू नव्हतीस आणि मला पत्तासुद्धा नव्हता. ट्रे खाली ठेवताना तुला जे दिसलं होतं, ते मला इतक्या उशिरा दिसलं. फार लाज वाटली गं.

आठ दिवस नुसती घुटमळत राहिले. मग केवळाबाईंकडे गेले. त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी म्हटलं, मला तनुजाला वहीतून मोकळं करायचं आहे. त्यांचे हात थांबले. "माझी दोन नातवंडं जातील की गं," म्हणाल्या. मीही एक शेंग सोलायला घेतली. त्यांनीही पुन्हा शेंग उचलली. "रामलिंगाला दुसरी बघू," म्हणाल्या. "तुझ्या जित्या लेकीला दुसरी माय कुठून आणायची?"

मग अप्पांना सांगितलं, माझ्या घरी भूकंप लिहा. ते म्हणाले, "एका घरापुरता भूकंप कसा येईल?" मी म्हटलं, ज्या कादंबरीत अख्ख्या गावाला तो चुकला, तिथं एका घरापुरता यायला काय धाड भरली? अप्पांनी वही उघडली. मी सांगत गेले. मिरवणुकीत नाचून पोरगी दमली होती, अंगणात अण्णांजवळ झोपली होती. मला वाटलं, दव पडतंय, सर्दी होईल. मी तिला उचललं आणि आत दगडमातीच्या जड माळवदाखाली नेऊन निजवलं. मी स्वतः बाहेर येऊन पडले. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. अण्णांना वाटतं, ती आपली आपण उठून आत गेली. अप्पांचा पेन थांबला नाही, हे त्यांचे माझ्यावर उपकार आहेत.

आणि मग गाव आलं. खरं तर त्या पहाटे आमच्या दारात यायला गावात कोण उरलं होतं? जो तो आपलाच ढिगारा उपसत होता. माझी पोरगी कुठल्या चितेवर किती जणांबरोबर गेली, तेही मला ठाऊक नाही. पण अप्पांच्या गावात बाकी सगळी घरं उभी होती, म्हणून सगळी माणसं धावत आली. तेलीण काकू आल्या, सुताराचे चौघे भाऊ आले, बौद्धवाड्यातले आनंदराज आणि त्यांचे वडील पहार घेऊन आले, नऊ वर्षांचा रामलिंग टोपलं घेऊन आला. त्यांनी तिला हळूच बाहेर काढलं. बायकांनी मला धरून ठेवलं. तिला न्हाऊ घातलं, नवा फ्रॉक घातला, आणि अख्खं गाव तिच्यामागून चालत गेलं. बत्तीस वर्षांनी मी माझ्या लेकीसाठी मोठ्यानं रडले. उठले तेव्हा साडीला माळवदाची पांढरी माती लागली होती. शेडमध्ये तर फरशी आहे.

अप्पांनी पान उलटलं. घर पुन्हा बांधलं, ऑपरेशन उघडलं, सन एकोणीसशे शहाण्णव, मुलगी. "नाव?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, थांबा, तिला विचारते. बाळा, तुझं बारसं झालंच नाही. पाळणा नाही, आत्या नाही, कानात कुर्र नाही. थोरलीचं नाव रेशनकार्डावरून कमी करायला आमचे पाय तहसीलकडे वळले नाहीत आणि तू आल्यावर तेच तुला देऊन मोकळे झालो. तुला विचारायचं राहिलं, ते मी आज विचारते आहे. अप्पांनी ती ओळ कोरी सोडली आहे. तुझ्या मनात एखादं नाव असेल तर ते, नसेल तर आपण दोघी बसून शोधू, आणि तनुजाच राहू दे म्हणालीस तरी या वेळी ते तुझ्या तोंडून येऊ दे. कागदपत्रांत काय असेल ते असो. पेढे मी आणते, पाळणा मीच म्हणते, गळा बसलाय, चालवून घे. फोनवर सांगू नकोस, घरी ये. मी तुला काय म्हणून हाक मारू?

वाट बघणारी, आणि आता तुझीच,
आई